पांढरीतला आवाज

सातवाहनांच्या काळातली बाई काय बोलेल, हे ठरवायचा मला पगार मिळायचा. हसू नका, २०३९ साली पुण्यात अशाही नोकऱ्या होत्या. ‘माती आणि ओळी’ या मालिकेची मी संहितालेखिका. शाळा-कॉलेजांसाठी काढलेले माहितीपट, विषय जगाचा इतिहास. पण राजांच्या वंशावळी नाहीत की लढायांचे बाण दाखवणारे नकाशे नाहीत. प्रत्येक भागात एखादी जुनी कविता किंवा कहाणी घ्यायची, ती जिथे रचली गेली तिथली माती उकरायची आणि दोन्ही मिळून काय सांगतात ते पोरांपुढे ठेवायचं. नाईलकाठच्या एका प्रेमगीताबरोबर त्याच गल्लीतला उकिरडा, चीनमधल्या एका विरहगीताबरोबर सैनिकांच्या तळावरच्या थंड चुली, असं.

मालिका पोरं आवडीने बघायची, पण ती माझ्या संहितेसाठी नव्हे. आमच्याकडे मेलेली माणसं बोलायची. कुणा नटाचा आवाज चिकटवलेला नसायचा. ज्याची कवटी त्याचाच आवाज.

ही करामत तस्नीम काझीची. ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट, आणि तोंडाने अशी फटकळ की अनुदान देणारे तिला घाबरायचे. शाळेतल्या मुलांना ती सांगायची, “गाभाऱ्यात ओरडलात तर आवाज कसा येतो? आणि पत्र्याच्या शेडमध्ये? ओरडणारे तुम्हीच, पण खोली वेगळी. तुमचं तोंड ही तुमची खोली आहे. जबडा, टाळू, दात, नाकामागची पोकळी या तिच्या भिंती. भिंती हाडांच्या आहेत, म्हणून त्या उरतात.”

कवटीचे हजारो छेद घेऊन ती खोली संगणकात उभी करायची. गळ्यात घोड्याच्या नालाच्या आकाराचं एक नाजूक हाड असतं, ते सापडलं तर स्वरयंत्र कुठल्या उंचीवर होतं ते कळतं. जीभ, ओठ, स्वरतंतू कुजून जातात. पण ते किती जाड, किती लांब असतील याचा अंदाज दातात उरलेल्या डीएनएवरून बांधता येतो. मग त्या खोलीतून हवा सोडायची. पहिल्यांदा नुसता ‘आ’ येतो. तो ऐकून माझी एक सहकारीण प्रयोगशाळेतून पळून गेली होती.

हाडांतून आवाज मिळतो, बोलण्याचा हेल मिळत नाही. तो तिथल्या माणसांकडून घ्यावा लागतो. म्हणून तस्नीम त्या त्या गावात जाऊन म्हाताऱ्यांचं बोलणं-गाणं ध्वनिमुद्रित करायची आणि तो हेल त्या जुन्या गळ्यात भरायची. झाला आवाज तयार. पुढे कळफलकावर आपण जे वाक्य टंकू ते तो गळा बोलायचा.

मळेथडीचा भाग करायचा हट्ट माझा होता. गोदावरीच्या काठावरचं मळेथडी हे माझं गाव. गावाला लागून एक उंच टेकाड आहे, त्याला आम्ही पांढर म्हणतो. जुनी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी पडत आणि उभी राहत गेली की तिच्या राखेची, भिंतींची अशी पांढुरकी टेकडी होते. मी शाळेत असताना डॉ. यशोधन मोघे तिथे उत्खननाला आले. त्यांना समुद्रापलीकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले आणि एका खापरावर कोरलेली प्राकृत गाथा मिळाली. परदेशी गेलेल्या व्यापाऱ्याची बायको म्हणते, तुझी होडी नदीला आठवते. मला तुझा चेहराही आठवत नाही. आणि तिथून हाकेच्या अंतरावर बाईचा एक सांगाडा मिळाला.

गावाने तिचं नाव पाडलं थडीची बाई. वय पंचवीस-तीस. अंगावर मातीचा ढिगारा, त्यात काळे मणी, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, उजव्या हाताशी लोखंडी खुरपं. अंगाखाली, अंगावर, आजूबाजूला सगळी सातवाहन काळातलीच माती. मोघे सरांनी लिहिलं : घर कोसळून मृत्यू, काळ इसवी सनाचं दुसरं शतक. ते खुरपं आज संग्रहालयात काचेमागे आहे. दोन हजार वर्षांत खुरप्याचा घाट जराही बदललेला नाही, यावर माझ्या संहितेत एक सुंदर परिच्छेद होता.

तिच्या दातातला डीएनए इतका शाबूत निघाला की तस्नीमच्या प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. मोघे सर म्हणाले, “पांढरीतल्या राखेची कृपा.” हाडांचं वय काढायला नमुना पाठवला होता, त्याचं उत्तर ‘आधुनिक’ असं आलं. त्याचं कुणाला काहीच वाटलं नाही. खोदताना हाडांचा भुगा होऊ नये म्हणून त्यांना लाखेचा लेप द्यायची जुनी पद्धत आहे, आणि लाखेतला ताजा कार्बन वय खोटं दाखवतो. या धंद्यातली नेहमीची डोकेदुखी म्हणून तो कागद बाजूला पडला.

स्टुडिओत तो आवाज पहिल्यांदा वाजला तेव्हा मी समोर बसले होते. जाडसर, किंचित घोगरा, वरच्या पट्टीत गेला की एकदम स्वच्छ. तिने गाथा म्हटली. मग माझी वाक्यं म्हटली : “मी वाट बघत राहिले. कुणी आलं नाही.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर काटाबिटा काही आला नाही. मला तेव्हा चहा हवा होता.

आता माझ्या घराबद्दल सांगायला हवं.

मी सहा वर्षांची असताना माझी आई पळून गेली. गावाच्या तोंडी तरी तसंच होतं, आणि माझ्याही. तेव्हा साक्षरतेच्या प्रचाराला कलापथकं फिरायची. असंच एक कलापथक मळेथडीच्या शाळेत मुक्कामाला आलं, त्यात एक पेटीवाला होता. आई गाणारी, लग्नात हळदीला तिला लांबून बोलावणं यायचं. दिवाळी तोंडावर आलेली. एका सकाळी कलापथकाची जीप गेली आणि आईही नव्हती. तिचं मंगळसूत्र खुंटीला लटकत होतं. एवढ्यावर गावाने निकाल दिला.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्या नावाने आंघोळ केली. दुसरं लग्न केलं नाही. माझ्या वेण्या तेच घालायचे, एक वर एक खाली. मला शिकवायला त्यांनी रान गहाण टाकलं. फक्त दोन गोष्टी आमच्या घरात चालत नसत : आईचं नाव आणि गाणं. रेडिओसुद्धा नाही. मी मोठी झाले तशी मलाही ते पटत गेलं. सहा वर्षांच्या पोरीला टाकून पेटीवाल्यामागे जाणारी बाई मला आई म्हणून नकोच होती. लग्नाच्या पत्रिकेत मी तिचं नाव छापू दिलं नाही, तेव्हा सासूबाईंनी डोळे वटारले होते. मी म्हटलं, मला आई नाही.

मालिकेचा एक नेम होता. ज्या गावची माती, त्या गावाला पहिला खेळ. त्याप्रमाणे मळेथडीच्या शाळेच्या पटांगणात दिवेलागणीला पडदा लागला. सरपंचांनी नारळ फोडला, मोघे सरांनी भाषण केलं, आणि ते जरा लांबलंच. गाव लोटलं होतं. आप्पा आले नाहीत. “गाणं हाये ना त्यात? मग मी कशाला,” म्हणाले.

थडीची बाई पडद्यावर आली. गाथा तिने गावातल्याच ओवीच्या चालीवर उचलली, तस्नीमने तो हेल इथल्याच बायांकडून घेतला होता. दुसरी ओळ संपायच्या आत बायकांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, “बंद करा ते!”

सुंदराबाई उभ्या होत्या. आमच्या शेजारच्या, आता पंच्याहत्तरीच्या. आईबरोबर हळदीची गाणी म्हणणारी जोडीदारीण. तस्नीमने हेलासाठी ज्यांचे आवाज घेतले त्यांत याही होत्या. त्या माणसांना ढकलत माझ्याकडे आल्या आणि माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

“शारदे, ही गया हाये. तुझी माय हाये ही.”

“अहो मावशी, ते यंत्र आहे. तुमचाच हेल घातलाय त्यात, म्हणून...”

“हेल माझा आसल. गळा तिचा हाये. मी तिच्यासंगं बारा गावच्या हळदी गायल्या. चढावर घोगरा आवाज असा लख्ख व्हनारी दुसरी बाई मी आजवर ऐकली नाही. कुटं गावली तुमाला?”

मागे पडद्यावर ती बाई गातच होती, कारण बंद करायचं कुणाला सुचलं नाही. सुंदराबाई मग खाली बसल्या आणि बोलत राहिल्या, मला की स्वतःला कोण जाणे.

“मंगळसूत्र खुंटीला व्हतं. बाई पांढर खनायला जाती तवा गळ्यातलं काढून ठिवती. सोनं घालून गेलं तर पांढर ठिवून घेती, आसं आमच्या सासवा म्हनायच्या. दिवाळीला भिती सारवायला पांढरी माती लागायचीच. मी तवाच म्हनले, गया पांढरीला गेली आसल, जाऊन बगा. तुझ्या बापानं मला उंबऱ्यावरून हाकललं. बाकीचे गडी हासले. बायांचं कोन ऐकतंय?”

मला ही रीत ठाऊकच नव्हती. माझ्या लहानपणीच उत्खनन झालं, पांढर संरक्षित झाली, तारेचं कुंपण पडलं, माती आणायला जाणं बंद झालं. आणि ज्या घरात बाईच नाही त्या घरात बायांच्या चालीरीती मला कोण सांगणार होतं?

खेळ अर्धवट राहिला. परतीच्या गाडीत मोघे सर मला समजावत होते. “शारदा, शोकात माणसाला ओळखीचे आवाज येतात. वृद्ध बाई आहेत. शिवाय पुरावा बघ ना, खड्डा नाही! अलीकडे कुणी पुरलं असतं तर खड्ड्याची कड दिसली असती. वरची माती खाली मिसळली असती. तिथे एकसंध थर होता.”

तस्नीम पुढच्या सीटवरून म्हणाली, “थुंकी दे. दोन मिनिटांचं काम आहे, चर्चा कसली करता?”

मी थुंकी दिली. खरं सांगते, सुंदराबाई खोट्या ठराव्यात म्हणून दिली. कारण त्या खऱ्या असत्या तर मी आयुष्यभर ज्या बाईचा राग केला तिचं काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

निकाल घेऊन तस्नीम माझ्या घरी आली. ती कधी कुणाच्या घरी जात नाही. दारातच उभी राहिली, चप्पल काढली नाही.

“बरोबर अर्धा,” ती म्हणाली.

“काय अर्धा?”

“तुझा अर्धा डीएनए तिचा आहे. बरोबर अर्धा. शारदा, दोन हजार वर्षांत तो पाण्यात मीठ विरघळावं तसा विरघळून जातो. असा अर्धा फक्त आईकडून येतो.” आणि ही फटकळ बाई माझ्या दारात रडायला लागली. “मी पेढे वाटले गं. इतका ताजा डीएनए, म्हणून मी पेढे वाटले.”

मला रडू आलं नाही. मला फक्त आठवत होतं, की काही महिने रोज सकाळी दहा वाजता ऑफिसला जाऊन मी माझ्या आईच्या तोंडात वाक्यं घालत होते. वाट बघायला लावत होते. एकदा आवाज जरा रडका आला म्हणून तस्नीमला म्हटलं होतं, हिला थोडी सोशिक कर.

त्याच दुपारी आम्ही मोघे सरांकडे गेलो. मला वाटलं होतं ते वाद घालतील. मालिका तीसेक देशांत जायची होती, थडीची बाई त्यांच्या कारकिर्दीचा कळस होती. ते वाद घालायला लागलेही. दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासू, घाई नको, वगैरे. बोलता बोलता त्यांनी उत्खननाचे जुने आराखडे टेबलावर पसरले, मला एकसंध थर दाखवायला.

एका चित्रावर त्यांचं बोट थांबलं. मग म्हणाले, “पांढरी माती कशी खणतात?”

“वरची माती खराब असते,” मी सुंदराबाईंकडून ऐकलेलं सांगितलं. “म्हणून बाया कडेने आत बोगदा करतात. चांगली माती आत असते.”

“आत शिरून.”

“हो.”

“म्हणजे छत तसंच राहतं. सातवाहन काळाचं छत.” त्यांनी चष्मा काढला. “खड्ड्याची कड दिसणार कशी? तिने खड्डा केलाच नव्हता. ती थराच्या आत शिरली आणि थर तिच्यावर बसला. जुनीच माती, जुनेच मणी, जुनीच खापरं. मी लिहिलं, घर कोसळून मृत्यू. कोसळून, एवढं बरोबर होतं. खुरपं... शारदा, ते खुरपं मी काचेत ठेवलंय.”

मी त्यांच्यावर ओरडणार होते, वाक्यंही तयार होती. पण त्या माणसाचं तोंड इतकं पडलं होतं की ओरडण्यात मजा राहिली नाही. त्यांनी स्वतःच सांगितलं की ते कॅमेऱ्यासमोर बसून आपली चूक बोलतील आणि हा भाग सगळा नव्याने होईल. त्यात गयाबाई रंगनाथ तौर हे नाव असेल, ती पळून गेली नव्हती हे असेल. “पण आधी तुझ्या वडिलांना सांग,” ते म्हणाले. “त्यांना पडद्यावर कळायला नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली आणि मळेथडीला गेले. वाटेत माझ्या मनात एकच होतं. आप्पा ऐंशीला टेकले होते. निम्मं आयुष्य त्यांनी एका गैरसमजापायी मान खाली घालून काढलं. बायको पेटीवाल्याबरोबर गेली म्हणून लग्नाकार्याला गेले नाहीत, पंगतीला बसले नाहीत. आता मी त्यांना सांगणार होते की आप्पा, ती तुम्हाला सोडून गेली नव्हती. तुमच्याच भिंती सारवायला माती आणायला गेली होती. दुःख होईल, पण छातीवरचा धोंडा उतरेल. त्यांना त्यांची बायको परत मिळेल आणि मला माझी आई. इतकी वर्षं आम्ही दोघांनी मिळून तिचा राग केला; आता दोघं मिळून रडू, असं मी ठरवलं होतं.

आमचं घर गावाच्या कडेला आहे. मध्ये एक वावर, त्यापलीकडे पांढर. भर दुपारी आप्पा आत खाटेवर बसले होते. सुंदराबाईंचं ओरडणं गावभर झालं होतं, त्यांच्याही कानावर आलं असणारच. मी निकालाचं सगळं सांगितलं. बोगदा, छत, मंगळसूत्र. ते जमिनीकडे बघत राहिले. काही विचारलं नाही, आणि मला वाटलं, बसलेल्या धक्क्यातून ते बाहेर आले नाहीत.

मग म्हणाले, “तो आवाज हाये का तुज्यापाशी?”

“आहे. ऐकायचाय?”

त्यांनी मानेनेच हो म्हटलं. मी लॅपटॉप उघडला, खाटेवर ठेवला आणि गाथेची एक ओळ लावली. ज्या घरात इतकी वर्षं गाणं वाजलं नव्हतं त्या घरात आईचा आवाज भरला. आप्पांनी दोन्ही हातांनी खाटेची कड धरली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“हिला काय बी बोलता येतं का?” त्यांनी विचारलं.

“आपण लिहू ते बोलते. तिचं स्वतःचं नसतं, आप्पा. गळा तेवढा तिचा.”

“चालंल. मला एक वाक्य पायजे तिच्या तोंडून.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “राग नाही, म्हनाव.”

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. या माणसाने तिला इतकी वर्षं मनात शिव्या दिल्या, त्याची माफी त्याला हवी होती. मलाही तीच हवी होती. हे सगळं यंत्र जगात आलं ते याचसाठी असेल, असंही मला त्या क्षणी वाटलं. तस्नीमने बजावून ठेवलं होतं की मेलेल्याच्या तोंडी नवीन भावना घालू नकोस, पण तस्नीम इथे नव्हती. मी कळफलकावर हात ठेवले.

“काय लिहू? ‘माझा राग नाही’ एवढंच?”

“पुरं लिही,” आप्पा म्हणाले. “हाक आयकून आला न्हाईत म्हनून माझा राग नाही. आसं.”

मी ‘हाक’ पर्यंत टंकलं आणि थांबले.

“कसली हाक?”

ते दाराकडे बघत होते.

“आप्पा, कसली हाक?”

“गाव समदं रातभर शाळेवर व्हतं, कलापथकाला,” ते म्हणाले. “भोंगा लावला व्हता मोठा. घरात मी आन तू. तिचं माझं भांडान झालं व्हतं सांजच्याला. त्या लोकांसंगं गायाचं नाही म्हनलं मी, हात उगारला. ती निगून गेली. मंग पांढरीकडून आवाज यायला लागला. आहो, या हो, आहो, या हो. शाळा बी त्याच अंगाला. मला वाटलं, त्यांच्यात जाऊन बसली आन मला खिजवती.”

“तुम्ही गेला नाहीत.”

“न्हाई गेलो.”

“मग?”

“मंग हाका थांबल्या आन गानं सुरू झालं. हळदीचं गानं. म्हनलं, बग, गाती. माझी जिरवायला गाती.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “मी दार लावून घेतलं.”

हाका मारून घसा बसला असेल, म्हणून ती गायला लागली असेल. तिचा गाण्याचा आवाज लांब जायचा, हे तिला माहीत होतं. बारा गावांना माहीत होतं. ती मातीखाली अंधारात हळदीचं गाणं म्हणत होती, कारण तोच एक आवाज तिच्या नवऱ्याच्या दारापर्यंत पोचला असता. आणि तो पोचला होता.

“किती वेळ?” मी विचारलं.

“कोंबडा आरवला तवर.”

मी उठून उभी राहिले. मला वाटलं आता आणखी काही उरलं नाही. पण ते बोलतच होते. एवढी वर्षं दाबून धरलेलं एकदा सुटलं आणि त्यांना आवरेना.

“तू रडत व्हतीस. आई बोलावती, आई बोलावती म्हनत दाराशी जायचीस. तुला मी परत आनून थापटलं. म्हनलं, आई गानं म्हनती, झोप. त्या गान्यावरच झोपलीस तू.”

मला आठवत नाही. मी आजही खूप प्रयत्न करते, मला काहीच आठवत नाही.

“तुम्हाला कळलं कधी?” मी विचारलं.

“सायबांला हाडं गावली तवा जिवात धस्स झालं व्हतं. पर सायब म्हनले, दोन हजार वर्सांची हायेत. एवढी शिकल्याली मान्सं. पेपरात बी आलं.” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “मी म्हनलं, बरं झालं.”

त्या ‘बरं झालं’ नंतर मी त्या माणसाकडे बघू शकले नाही. याच हातांनी माझ्या वेण्या घातल्या होत्या. याच हातांनी रान गहाण टाकून मला पुण्याला पाठवलं होतं. याच हातांनी दार लावलं होतं.

“लिही ना, शारदा,” ते म्हणाले. “एक डाव म्हनू दे तिला. म्या मरायच्या आदी.”

लॅपटॉपवर ‘हाक’ हा शब्द तसाच होता. पुढचे सातेक शब्द टंकायचे, एक बटण दाबायचं. तो जाडसर, घोगरा, माझ्या आईचा गळा राग नाही म्हणाला असता, आणि हा म्हातारा ते खरं मानून शांतपणे मेला असता. मला ते करता आलं असतं. मी सगळा शब्द पुसला, यंत्र बंद केलं आणि म्हटलं, “तिला जे म्हणायचं होतं ते तिने रात्रभर म्हटलं, आप्पा. आणखी काही ती माझ्याकडून म्हणणार नाही.”

मी बाहेर ओट्यावर येऊन बसले. समोर वावर, वावरापलीकडे कुंपणातली पांढर. ऊन उतरायला लागलं होतं. इतकी जवळ आहे ती. मी त्या ओट्यावर लहानाची मोठी झाले आणि ती इतकी जवळ आहे हे मला त्या दिवशीच दिसलं. मी तोंडात पदर कोंबला आणि रडले, त्या बाईसाठी, जिचं नाव मी माझ्या लग्नाच्या पत्रिकेत छापू दिलं नव्हतं.

आत आप्पा खाटेवरून उठायला गेले असावेत. भांडं पडल्याचा आवाज आला, मग काही जड पडल्याचा. आणि मग बारीक, घाबरलेली हाक आली. “शारदे... ये ना गं.”

मी हलले नाही. गाडीची किल्ली माझ्या हातात होती. ओट्यापासून गाडी दिसत होती.

“शारदे... ये ना.”

मला त्यांना माफ करायचं नव्हतं. अजूनही केलेलं नाही. पण हाक आली होती आणि ती मला ऐकू आली होती. मी उठले आणि आत गेले.